ओब्रियोंच्या तळघरातली हवा

जेवणात कुणीच काही बोललं नाही. वाइनबद्दल, म्हणजे. बाकी सगळ्याबद्दल बोलले.

मार्चच्या शेवटी रेमोंदची थोरली बहीण जर्मेन गेली. शालों शहराच्या दफनभूमीत तिला ठेवून सगळे तिच्या घरी परतले, तेव्हा रेमोंदनं आमच्या गावाहून नेलेल्या सहा बाटल्या उघडल्या. बाटल्या फिर्मां ओब्रियोच्या होत्या. दर नाताळाला तो रेमोंदला दोन देत असे, आणि ती त्या न पिता घराच्या थंड कोपऱ्यात आडव्या रचून ठेवत असे. माझ्या मातीला येतील त्यांना पाजा, असं ती म्हणायची. जर्मेनचा नंबर आधी लागला.

माणसं सतरा होती. प्रत्येकानं पेला उचलला, जर्मेनचं नाव घेतलं, एक घोट घेतला. "छान आहे," म्हणाले. मग कोबी आणि डुकराच्या मांसाचा रस्सा आला, चीज आलं, कॉफी आली. जर्मेन लहानपणी द्राक्षं वेचताना टोपलीतच झोपायची, ही गोष्ट दोघांनी दोन तऱ्हांनी सांगितली. चार वाजता माणसं उठून गेली.

रेमोंद आवरायला लागली आणि हातातली थाळी तशीच धरून उभी राहिली. टेबलावर सतरा पेले होते, आणि सगळे जवळजवळ भरलेले. बुडबुडे केव्हाच विझले होते.

"दुःखात कुणाला प्यायचं सुचतंय, मावशी," भाची म्हणाली.

"चीज मात्र संपलंय," रेमोंद म्हणाली.

तिनं एक पेला उचलून नाकाशी नेला. मग दुसरा. मग ओळीनं सगळे. भाची बघत राहिली. शेवटचा पेला मोरीत रिकामा करून रेमोंदनं नळ सोडला आणि पाणी वाहत असताना बराच वेळ मनगटांवर घेत राहिली, जणू हात भाजले होते.

*

रेमोंदनं एकतीस वर्षं बाटल्यांतला गाळ काढला. आमच्याकडची वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबते. तिचे बुडबुडे तिथंच जन्मतात आणि गाळही तिथंच साठतो. मग बाटली महिनाभर हळूहळू फिरवत उलटी करायची, म्हणजे गाळ मानेशी येऊन बसतो. तो बाहेर काढणं हे रेमोंदचं काम. बाटली डोकं खाली धरून घ्यायची, चिमटा टोपणाला लावायचा आणि बाटली वर उचलता उचलता टोपण उडवायचं. फेसाच्या एका फटकाऱ्यासरशी गाळ बाहेर जातो आणि त्याच क्षणी अंगठा तोंडावर बसवायचा. क्षणभर उशीर झाला तर वाइन जाते, लवकर बसवला तर गाळ राहतो. दिवसाला हजार-दीड हजार बाटल्या. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख कायमचं वाकडं झालं, उजव्या कानाला कमी ऐकू यायला लागलं, आणि एकदा फुटलेल्या बाटलीची काच हनुवटीत शिरली, तो व्रण अजून दिसतो.

अंगठा बसवण्याआधी तिला प्रत्येक बाटलीचा एक श्वास मिळायचा. फक्त एक. त्यावर ती ठरवायची: उजवीकडे की डावीकडे. उजवीकडच्या बाटल्या पुढं जात. डावीकडच्या मालकाला दाखवल्या जात आणि मालक निमूटपणे मान हलवत असे. तिच्या एकतीस वर्षांत डावीकडची एकही बाटली पुन्हा उजवीकडे गेली नाही, हे गावात अजूनही सांगतात.

निवृत्त झाल्यावर लोक तिला घरी बोलवायला लागले. आमच्याकडे आपल्या वाइनचा निवाडा कुणी एकट्यानं करत नाही. हिवाळा सरता सरता, पिंपांतली नवी वाइन बाटलीत भरायच्या आधी, बाहेरचं एक नाक बोलवायचं ही रीत आहे. रेमोंद यायची ती सकाळी, उपाशीपोटी, अंगाला साबणसुद्धा न लावता. तयार बाटली चाखतानाही बुडबुड्यांकडे ती बघायचीच नाही. "ते लग्नातल्या पाहुण्यांसाठी," म्हणायची. पेला तळव्यात धरून ऊब द्यायची, अर्धा तास तसाच ठेवायची, आणि घोट गिळला की खिडकीतून समोरच्या छपराची कौलं मोजायची. चव जिभेवर टिकते तोवर मोजायचं. दहा कौलं म्हणजे घरी प्यायची वाइन. वीस म्हणजे विकायची. तीसच्या पुढं गेली की ती मालकाला सांगायची, "घाई करू नको. हिला दुप्पट भाव येईल, फक्त थांबायला शिक." वाइनची खरी किंमत तिच्या मते तेवढीच होती, घोट संपल्यानंतर उरते ती. बाटलीवरचा कागद कितीही सोनेरी असो.

एकदा एपर्नेहून आलेल्या एका बाईनं विचारलं होतं, "आणि समोर छप्पर नसेल तर?"

"तर मालकाच्या डोक्यावरचे केस मोजते," रेमोंद म्हणाली. "आमच्या गावात तेही फार नाहीत."

सगळी घरं तिला स्वयंपाकघरात बसवत. तळघरातून नमुने वर आणत आणि खिडकी उघडत. एक घर सोडून. ओब्रियोंकडे चाखणं तळघरातच व्हायचं, तीन पिढ्या. फिर्मांचा बाप म्हणायचा की वाइनला भेटायचं तर तिच्या घरी जावं, तिला आपल्या घरी बोलावू नये. फिर्मांनं ते जसंच्या तसं चालू ठेवलं. शेवटची पायरी उतरली की थोरलं पिंप समोर येतं. माणसापेक्षा उंच, लाकडी. त्याच्या आजोबानं ते भरायला सुरुवात केली ती युद्धानंतरच्या वर्षांत. दरवर्षी निम्मी वाइन काढायची आणि नव्या वर्षाची ओतायची. पिंप कधी पुरतं रिकामं झालं नाही, त्यामुळे त्यात अजून आजोबाच्या हातची थोडी वाइन आहे, असं म्हणायला हरकत नव्हती. गावातल्या सगळ्या घरांपेक्षा फिर्मांच्या बाटलीला चार पैसे जास्त मिळायचे ते या पिंपामुळे. आणि फिर्मांची बायको गेल्यानंतर त्याच्याजवळ राहिलेल्या दोनच गोष्टी म्हणजे हे पिंप आणि मुलगी अपोलीन.

अपोलीन दक्षिणेत, माँपेलिएला, वाइनचंच शिकायला तीन वर्षं होती आणि गेल्या ऑक्टोबरमध्ये परतली होती. या वर्षीची वाइन तिची होती. थोरल्या पिंपातली निम्मी आणि नव्या सुगीतली निम्मी अशी तिनं स्वतः जुळवलेली, तिच्या नावाची पहिली. येत्या सोमवारी बाटल्या भरायची गाडी यायची होती. एकदा साखर आणि यीस्ट घालून बाटलीचं तोंड बंद केलं की तीन वर्षं तिला कुणी हात लावत नाही. नऊ हजार बाटल्या. आणि लियोंच्या एका खानावळवाल्यानं फेब्रुवारीत तळघरात उभ्या उभ्या चाखून सगळ्याच्या सगळ्या मागितल्या होत्या. "हिच्यात जंगल आहे," तो डोळे मिटून म्हणाला होता. "ओली पानं, अळंबी. माती बोलतेय, मादाम."

त्या दिवशी त्याच्या शेजारी रेमोंद उभी होती. तिनंही घोट घेतला होता. तळघरात मोजायला कौलं नव्हती.

"भर आता बाटल्यांत," ती अपोलीनला म्हणाली होती. "छान जुळलीय."

*

शालोंहून मंगळवारी परतल्यावर रेमोंदनं कोट काढला आणि कोपऱ्यात रचलेल्या ओब्रियोंच्या बाटल्या एकेक करून टेबलावर आणल्या. सगळ्यात नव्या सहा शालोंला संपल्या होत्या. उरलेल्यांच्या मानेला तिनं दोऱ्यानं वर्षाची चिठ्ठी बांधलेली होती. दुपारचे दोन वाजले होते. समोर शाळेचं छप्पर उन्हात होतं.

चार वर्षांपूर्वीच्या नाताळातली बाटली उघडली. वास घाणेरडा नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं. आधी काहीच नव्हतं. सफरचंद नाही, पावाचा खरपूस वास नाही, खडूचा तो कोरडा थंडावा नाही. जणू कुणीतरी वाइनच्या तोंडावर हात ठेवला होता. मग त्या रिकामपणाच्या तळातून हळूच कुबट काहीतरी वर आलं. भिजून वाळलेला पुठ्ठा. बंद कपाटातली वर्तमानपत्रं. तिनं घोट गिळला आणि शाळेच्या छपराकडे पाहिलं. चार कौलं.

पाच वर्षांपूर्वीची, तीच. सहा, तीच. सात वर्षांपूर्वीची थोडी बरी वाटली, म्हणून तिनं पेला अर्धा तास ठेवला, आणि अर्ध्या तासानं ती सगळ्यांपेक्षा वाईट झाली होती. रेमोंद मागं मागं जात राहिली. कुठंतरी सुरुवात असली पाहिजे, इतकंच तिला कळत होतं. नवव्या वर्षाच्या बाटलीत तो वास होता की नव्हता, हे ठरवायला तिला तीन पेले लागले. होता. दहाव्या वर्षाची बाटली उघडली आणि स्वयंपाकघरात एकदम सफरचंदाचं, लोण्याचं, पावसाआधीच्या खडूचं ऊन आलं. एकोणतीस कौलं मोजून ती खुर्चीत बसली.

तरी तिचा स्वतःवर विश्वास बसेना. हे बहिणीच्या घरात झालं असेल, माझ्या घरात झालं असेल, आपलंच नाक कुजलं असेल. तिनं दोन पेले, एक नवव्या वर्षाचा आणि एक दहाव्या वर्षाचा, ताटलीनं झाकले आणि गावाबाहेरच्या कपडे धुण्याच्या जुन्या जागेशी घेऊन गेली. तिथं झऱ्याचं पाणी वाहतं आणि मळ्यावरून सतत वारा असतो. वेली छाटून, काड्या तारांना बांधून झाल्या होत्या. काड्यांवरचे डोळे अजून फुगले नव्हते. तिनं दोन्ही पेले दगडावर ठेवले. तिला ओळखणाऱ्या दोन बायकांनी दुरून हात केला आणि मग, तिचा चेहरा पाहून, जवळ यायचं टाळलं.

तिथंही तेच.

परत येताना तिनं हिशोब लावला. गाळाबरोबर तीन वर्षं बाटलीत, आणि मग नाताळात भेट. नऊ अधिक तीन, बारा. बारा वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वादळ आलं होतं आणि अर्ध्या गावाची छपरं उडाली होती. ओब्रियोंच्या तळघरावरच्या तुळया भिजून कुजल्या, म्हणून त्यांनी नव्या बसवल्या. सुताराकडे कीड लागू नये म्हणून औषध पाजलेलं स्वस्त लाकूड होतं. ते औषध, तळघराची ओल आणि बुरशी एकत्र आली की काय होतं ते तिनं कामावर असताना एकदा ऐकलं होतं. लाकडातून ते हवेत येतं, हवेतून पिंपात मुरतं, पिंपातून वाइनमध्ये. दरवर्षी थोडं. आणि थोरल्या पिंपातून कधीच सगळं बाहेर काढलेलं नव्हतं.

आणि ती बारा वर्षं, प्रत्येक फेब्रुवारीत, त्या पायऱ्या उतरून ती खाली गेली होती. पेला हातात येण्याआधी तिथल्या हवेचे दहा-वीस श्वास तिनं आत घेतलेले असायचे. खालच्या हवेतलं जे नाकाला सवयीचं झालं ते वाइनमध्ये सापडणार कसं? बारा वेळा तिनं "छान" म्हटलं. बारा वेळा फिर्मांनं तिच्या शब्दावर नवी वाइन त्या पिंपात ओतली.

*

"फिर्मां, वर ये जरा. बोलायचंय."

बुधवारी सकाळी ती ओब्रियोंच्या अंगणात उभी होती. फिर्मां तळघराच्या दारातून अर्धा बाहेर आला.

"मग आत ये की. बाहेर वाऱ्यात कशाला उभी?"

"आत नाही येत."

"का? कुत्रं बांधलंय."

"फिर्मां, तुझ्या वाइनला कुबट वास आहे. तुळयांचा. बारा वर्षांचा."

तो हसला. शाळेत तो तिच्या मागच्या बाकावर बसायचा. तिला काहीही म्हणायचा त्याला हक्क होता.

"तुझ्या बहिणीला जाऊन आठवडा नाही झाला," तो म्हणाला. "रडून नाक चोंदलंय तुझं. जा, झोप."

"चोंदलं असतं तर आनंदानं चर्चमध्ये मेणबत्ती लावली असती मी."

"फेब्रुवारीत तूच खाली उभी होतीस. 'भर आता बाटल्यांत,' म्हणालीस. त्या लियोंवाल्यासमोर."

"म्हणाले."

"मग तेव्हा खोटं बोललीस?"

"नाही. तिथं उभी होते म्हणून म्हणाले."

फिर्मांचा चेहरा पहिल्यांदा बदलला, पण रागाकडे. रेमोंदनं पिशवीतून दोन काचेची भांडी काढून अंगणातल्या टेबलावर ठेवली. दोन्हींत त्याचीच वाइन होती, एकाच बाटलीतली. एका भांड्यात तिनं रात्रभर स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिकचा कागद चुरगळून ठेवला होता आणि आता तो काढून टाकला होता. प्लास्टिक तो वास ओढून घेतं, सगळा नाही, पण बराचसा. कुठलं भांडं कोणतं हे तिनं सांगितलं नाही.

"बघ. मग मला काय म्हणायचं ते म्हण."

फिर्मांनं दोन्ही भांडी नाकाला लावली. एकदा, दोनदा. चाखली, थुंकली. एवढ्यात अपोलीन पाण्याची नळी ओढत बाहेर आली आणि काहीतरी चाललंय हे पाहून नळ बंद करून थांबली.

"दोन्ही सारखीच," फिर्मां म्हणाला.

"एक निवड. कुठली चांगली?"

त्यानं पुन्हा चाखली. मग डावीकडच्या भांड्यावर बोट ठेवलं.

"ही. दुसरी पोकळ आहे, कुणाचीही असेल. ही आपली. हिच्यात खोली आहे."

रेमोंदनं डोळे मिटले. अपोलीननं बापाच्या बोटाकडे पाहिलं, मग रेमोंदच्या चेहऱ्याकडे.

"मावशी," ती सावकाश म्हणाली, "बाबा 'आपली' म्हणाले तेच भांडं खराब ना?"

रेमोंदनं दोन्ही भांडी तिच्याकडे सरकवली.

"पोरी, तू मध्ये पडू नको," फिर्मां म्हणाला.

पण अपोलीन टेबलाशी आली आणि दोन्ही भांडी घेऊन बघायला लागली. तिलाही फरक कळेना. उजवी जरा हलकी वाटली, इतकंच. तिनं भांडी खाली ठेवली, आणि मग काहीतरी आठवल्यासारखी उभी राहिली.

"ऑक्टोबरमध्ये मी आले ना," ती म्हणाली, "बॅग घेऊन दार उघडलं आणि एकदम वास आला. ओला, जुना. मी तिथंच पायरीवर बसून रडले. आठवतं ना, बाबा? तुम्ही विचारलंत काय झालं, तर म्हटलं, काही नाही, घरचा वास आला."

फिर्मांनं मान हलवली. त्याला आठवत होतं.

"किती दिवस येत होता?" रेमोंदनं विचारलं.

"तीन. चार असतील. मग नाही आला." ती थांबली. "मला वाटलं मी परत रुळले."

वरच्या मजल्यावर एक खिडकी वाऱ्यानं आपटत होती.

"आजी असताना असा वास नव्हता," अपोलीन म्हणाली. "आता म्हटल्यावर आठवतंय. आजीच्या वेळी खाली फक्त थंड असायचं."

*

अपोलीननंच मार्ग काढला. चार रात्री ती घराबाहेर राहणार होती, त्रुआला, मैत्रिणीकडे. तिथं राहून रविवारी सकाळी परत यायचं आणि तळघराच्या दारात उभं राहून पहिला श्वास घ्यायचा. ऑक्टोबरसारखा. "वास नसला तर सोमवारी भरू," ती म्हणाली. "असला तर नाही भरायची. बाबा, कबूल?"

"आणि मी त्या गाडीवाल्याला काय सांगू? माझी मुलगी हवा खायला गेलीय?"

"कबूल का?"

"नाटकं आहेत ही," फिर्मां म्हणाला. मग म्हणाला, "कबूल."

रेमोंदनं तिला घरातली एकही वस्तू नेऊ दिली नाही. केस धुवायला लावले आणि स्वतःची जुनी पँट दिली, ती अपोलीनच्या पोटऱ्यांपर्यंतच आली. बसच्या थांब्यावर ती तशी उभी राहिलेली अर्ध्या गावानं पाहिली, आणि संध्याकाळच्या आत कारणही अर्ध्या गावाला कळलं. फिर्मांनंच सांगितलं, चौकातल्या कॉफीच्या दुकानात, मोठ्यानं हसत. "रेमोंदला माझ्या घरात भूत दिसलंय. नाकानं."

पहिल्या दिवशी लोक त्याच्याबरोबर हसले. गुरुवारी सकाळी पाव घ्यायला गेलेल्या रेमोंदला बेकरीवाली म्हणाली, "पाव घेतेस की वासच घेऊन जातेस?" आणि रांगेतले सगळे हसले, रेमोंदसुद्धा.

शुक्रवारपासून हसणं थांबलं. त्या उन्हाळ्यात त्या सुतारानं ओब्रियोंकडेच नव्हे, आणखी पाच घरांत तुळया बसवल्या होत्या, हे कुणाला तरी आठवलं. कुणी ते मोठ्यानं बोललं नाही. पण शनिवारी दुपारी रस्त्यानं जाताना उघड्या दारांतून माणसं दिसायची, आपल्याच तळघराच्या वरच्या पायरीवर उभी, मान जरा पुढं काढलेली, ऐकत असल्यासारखी. मग परत वर यायची. काहीच येत नाही म्हणायची. आणि काहीच येत नाही, या गोष्टीनं आता कुणाला धीर येत नव्हता.

रेमोंद त्या चार दिवसांत कुणाच्या घरी गेली नाही. दोघांनी बोलावलं होतं. "रविवारपर्यंत नको," ती म्हणाली. शनिवारी तिनं स्वतःच्या घरातल्या खिडक्या सताड उघड्या ठेवल्या आणि कोट घालून स्वयंपाकघरात बसून राहिली. तिला अजून एक आशा होती, असं तिनं नंतर सांगितलं. की आपण चुकलो असू. एकतीस वर्षांची अब्रू जाऊ दे, गाव जन्मभर हसू दे, पण त्या पिंपाला काही झालेलं नसू दे.

*

रविवारी साडेदहाची बस चर्चसमोर थांबली तेव्हा प्रार्थना नुकतीच संपली होती. माणसं पायऱ्यांवर रेंगाळत होती आणि कुणीही घरी जात नव्हतं. अपोलीन उतरली. तिच्या अंगावर मैत्रिणीचा पिवळा रेनकोट होता. ती हसली नाही, पण चेहरा ताजा होता, झोप झालेल्या माणसाचा असतो तसा.

फिर्मां फाटकाशी उभा होता. त्यानं दाढी केली होती. आत तळघराचं दार त्यानं आधीच उघडून ठेवलं होतं. वर, स्वयंपाकघरात, कोंबडी शिजत होती. सगळं नेहमीसारखं असल्याचं त्याला दाखवायचं होतं.

"आलीस," तो म्हणाला. "चल, घे तो श्वास एकदाचा. मग जेवू."

अपोलीननं पुढं होऊन त्याला मिठी मारली. चार दिवसांपूर्वी भांडून गेली होती, म्हणून जरा घट्ट. रेमोंद रस्त्याच्या पलीकडे भिंतीला टेकून उभी होती आणि तिला मुलीची पाठ दिसत होती. तिनं त्या पाठीवरचा रेनकोट एकदम ताठ झालेला पाहिला.

अपोलीन हलली नाही. तिचं नाक बापाच्या खांद्याशी होतं. मग तिनं तोंड जरासं वळवलं आणि त्याच्या मानेशी, कानामागं, केसांत श्वास घेतला. हळू. पुन्हा एकदा. हात त्याच्याभोवती होते, पण बोटं उघडी पडली होती.

"काय गं?" फिर्मां म्हणाला. "काय झालं?"

"काही नाही."

"चल ना मग खाली."

"खाली नको," ती म्हणाली. ती मागं सरली, पण त्याची बाही तिनं सोडली नाही. "खाली जायची गरज नाही, बाबा."

फिर्मांनं उघड्या दाराकडे पाहिलं, मग मुलीकडे. कळायला त्याला थोडा वेळ लागला. आधी त्याला वाटलं ती भिऊन नाही म्हणतेय. मग त्यानं तिची नजर पाहिली, जी त्याच्या चेहऱ्यावर नव्हती, त्याच्या गळ्याशी होती. तो फाटकाला धरून उभा राहिला.

"रेमोंद," त्यानं रस्त्यापलीकडे हाक मारली. आवाज अगदी साधा होता. "थोरलं पिंपसुद्धा?"

रेमोंद रस्ता ओलांडून आली.

"सगळं," ती म्हणाली. "वाइन, आणि लाकूडही. त्यात आता काही ठेवता यायचं नाही."

"आजोबाचं?"

"सगळं, फिर्मां."

"तू दरवर्षी यायचीस."

"यायचे."

"दरवर्षी सांगायचीस, ओत."

"हो. मी सांगितलं म्हणून तू ओतलीस." ती त्याच्यापासून दोन हातांवर उभी होती आणि हटत नव्हती. "उद्या गाडी परत पाठव. मी थांबते तुझ्याबरोबर. लियोंवाल्याला मी लिहिते, माझ्या नावानं."

फिर्मांनं ऐकलं की नाही कोण जाणे. त्यानं बाही नाकाशी नेली. लांब श्वास घेतला. मग दुसरी बाही. मग स्वेटरची कॉलर ओढून तोंडावर धरली आणि तसाच, डोळे उघडे ठेवून, मुलीकडे बघत राहिला.

"मला काहीच येत नाही," तो म्हणाला. "अपोलीन, मला काहीच येत नाही गं."

चर्चच्या पायऱ्यांवरून एकेक करून माणसं आपापल्या घराकडे निघाली, रोजच्यापेक्षा सावकाश. ज्यांच्या घरी तुळया जुन्या होत्या, ती आत गेली. उरलेली पाच कुटुंबं आपापल्या दारापर्यंत पोहोचली आणि तिथंच थांबली. कुणाच्या हातात किल्ली होती, कुणाचं दार उघडंच होतं. आत रविवारचं जेवण गार होत होतं. एका दारात म्हातारी सासू सुनेला म्हणाली, "जा ना आत." सून म्हणाली, "तुम्ही जा." आणि दोघी उंबऱ्याबाहेर उभ्या राहिल्या, वाऱ्यात, तोंड रस्त्याकडे करून, जितका वेळ बाहेरची हवा नाकात ठेवता येईल तितका वेळ.